बिनदुधाची गोकुळाष्टमी

पनवेल,
रविवार, २० जुलै २०२५

प्रिय काशीराम,

ज्याने अवघ्या गोकुळाचे लोणी पळवले आणि तरीही ज्याच्यापुढे आपण दरवर्षी लोण्याची वाटी स्वहस्ते नेऊन ठेवतो, त्या यशोदेच्या लबाड पोराची कृपा तुझ्या घरावर, तुझ्या माडांवर आणि तुझ्या उरलेल्या चार दातांवर अखंड असो. कृपा मागून झाली. आता कामाचे बोलतो.

तुझे कान जासईच्या ट्रेलरांचे भोंगे घेऊन गेले आणि माझा मोबाईल माझ्याहून शहाणा निघाला, म्हणून या वयात आपण शाळकरी मुलांसारखे चिठ्ठ्या लिहीत बसलो आहोत. तुझी सून मनिषा औषधांच्या दुकानात कामाला पनवेलला येते आणि आपली पत्रे डब्याच्या पिशवीतून नेते-आणते, हे तिचे उपकार. मागच्या पत्राला भेंडीच्या भाजीचा वास होता. त्याने तुझ्या अक्षराला थोडी चव आली.

परवा पुण्याहून स्वानंदचा फोन आला. गोपाळकाल्याच्या दिवशी, १६ ऑगस्टला, तो, सूनबाई चारुता आणि माझी नात प्रांजल येथे जेवायला येणार आहेत. बरोबर एका वर्षाने. गोंगाट नको, पाहुणे नकोत, आम्ही चौघेच. प्रांजलला दूध चालत नाही हे तू जाणतोस. गेल्या वर्षी याच दिवशी माझा हात चुकला, तिच्या भातावर तुपाचा थेंब पडला आणि त्या आठ वर्षांच्या पोरीला दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. चारुतेने तेव्हापासून पनवेलचा उंबरा ओलांडलेला नाही. या वेळची अट स्वानंदने वाचून दाखवावी तशी सांगितली: पोरीच्या पानात दुधाचा लवलेश नसावा. पुन्हा काही झाले, तर पुन्हा येणे नाही. मी शहात्तर वर्षांचा आहे, काशीराम. 'पुन्हा नाही' हे शब्द माझ्या वयाला परवडत नाहीत.

पोरीला गोड काय हवे असे विचारले, तर म्हणाली, चॉकलेटचे काहीतरी. आता ज्या सणाचा देवच दुधादह्यावर पोसलेला, त्या सणाला बिनदुधाचे चॉकलेट. शास्त्रात शोधले. चॉकलेट निषिद्ध असल्याचे कोठेही आढळले नाही. ऋषींना ते मिळाले नाही, हा त्यांचा दोष नव्हे. कोको हे झाडाच्या फळातील बी आहे. फळाला देव नाही म्हणत नाही. सबब नैवेद्य चालेल, असा निर्णय मी एकमताने घेतला आहे. सभेला मी एकटाच हजर होतो.

दुधाऐवजी नारळाचे दूध घ्यावे असे मनिषा म्हणते. तुझ्या माडांचे नारळ पाठव. बाजारच्या नारळांवर माझा विश्वास नाही.

तुझा,
विनायक

---

जासई,
२३ जुलै

शास्त्रीबुवा,

नारल पाठवतंय. धा हायेत. मनिषा बोल्ली, येवढं पिशवीन मावनार नायत, तवा शिवाच्या गारीन टाकलंत. शिवानं तुज्या दारान उतरवलं का नाय ते कलव. तो अजून तुना भितंय. मनिषाचा घोव झाला, बाप झाला, तरी तुजी गल्ली आली का गारी हलू चालवतंय.

आता येक सांग. तू लिवलास, हात चुकला. चालीस वर्सं तू शालंन संस्कृत शिकवलास. माजा शिवा मागच्या बाकाव बसाचा, त्याला खडू मारलास, कवा चुकला नाय. कपालाचे मधी बसाचा. आनी तुपाचा थेंब चुकला? देवाला बोल ते, मना नको बोलू. आपून शालंन व्हतो तवा मी तुज्याच बाकाव सात वर्सं बसलूय.

येक बरनी पन हाय पिशवीन. आमच्या मिठागराचं शेवटचं मीठ. आता तिथं बंदराचं लोखंडी डबं रचलेत येकाव येक, पन बाबानं येवढं मीठ ठेवलं व्हतं. शिवाची आय, आमची कमलाबाय बोलते, गोडान चिमूटभर मीठ घालाचं, मंग गोड जास्त गोड लागतं. शास्त्रान नसल लिवलेलं. तरी घाल.

काशीराम

ता. क. आजोबा, मी मनिषा. हे मी बाबांना न विचारता लिहितेय. प्रांजलला दूध 'पचत नाही' असं नाहीये, तिला अ‍ॅलर्जी आहे. थेंबाने घसा सुजतो. चॉकलेटची वडी दुकानातून आणू नका, काळ्या चॉकलेटमध्येसुद्धा दुधाची पावडर असते. नुसती कोको पावडर मी आणून देते, पाकिटावर वाचून. नारळाचं घट्ट दूध, कोको, साखर, आरारूट. ढवळत शिजवायचं आणि थंड करायचं. बस.

---

पनवेल,
२८ जुलै

प्रिय काशीराम,

नारळ पोचले. शिवाने ते दाराशी असे ठेवले की जणू मी आतून खडू घेऊन उभाच आहे.

मनिषेचे ताजे कलम वाचले. तुझ्या सुनेला तुझ्याहून अधिक अक्षरे येतात आणि माझ्याहून अधिक वैद्यक. तिची सूचना येण्यापूर्वीच मी बाजारात जाऊन आलो होतो, हे मात्र कबूल करतो. दुकानदाराने एक काळी वडी दाखवून सांगितले, "काका, प्युअर व्हेज." मी चष्मा चढवून पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरे वाचू लागलो. त्यात दूध निघाले. मी म्हटले, "अरे, यात दूध आहे." तो म्हणाला, "मग व्हेजच झालं ना." त्याच्या तर्कात खोट नाही. मीही आयुष्यभर हाच तर्क चालवला.

काल पहिला प्रयोग केला. चार नारळ खवले. त्या खवणीवर माझी शशिकला बसायची. ती गेल्यापासून चार वर्षे खवणी फडताळात पडून होती. पहिल्या दहा मिनिटांत मी नारळापेक्षा स्वतःलाच अधिक खवले. पहिल्या पाण्याचे घट्ट दूध काढले, त्यात कोको, साखर, पाण्यात कालवलेले आरारूट आणि तुझ्या बाबांचे चिमूटभर मीठ. मंद आचेवर ढवळत राहिलो. कंटाळा येऊ नये म्हणून स्तोत्र म्हणू लागलो. दुसऱ्या आवर्तनाला मिश्रण कढईची कड सोडू लागले. देव प्रसन्न झाला की आरारूट शिजले, याचा निकाल मी लावला नाही. ताटात ओतून, थापून, सुरीने वड्या पाडल्या. रंग आमच्या शाळेच्या फळ्यासारखा, चकाकी मात्र अशी की सुंठवड्याने मान खाली घालावी.

आठ वड्या मनिषेबरोबर पाठवत आहे. कमळाबाईंना दोन दे. स्वतः चार खाऊन 'मला मिळाल्या नाहीत' असे लिहू नकोस.

खडूचे जे लिहिलेस, त्याचे उत्तर सवडीने देईन.

विनायक

---

जासई,
३० जुलै

विनायका,

मनिषा घरान आली तवा डब्यान सातच वड्या व्हत्या. ती बोलते, आठवी मोजायला चुकली. आमच्या घरान पन आता हात चुकाय लागलंत.

वडी झ्याक झाली. कमलाबायनं जिभंव ठेवली आनी डोलं मिटलं. मंग तिनं वडी उलटी केली. वास घेतला. मना दिली. मी पन घेतला. कान गेलं माजं, नाक नाय गेलं.

वडीच्या बुडाला तूप हाय.

ताटाला तुपाचा हात लावलास तू. लावलास ना? वड्या थापाच्या म्हंजे ताटाला तूप लावाचं, ही तुज्या हाताची सवय. तुना कललं पन नसल. मनिषाला सांगितलं त ती खुर्चीव बसली. मंग बोल्ली, ही वडी त्या पोरीच्या पोटान गेली असती तर?

ह्या खेपंला खरंच चुकलास तू. चुकलं का असं दिसतं, बघ. कललं पन नाय तुना. मंग गेल्या वर्साला कसं कललं, का थेंब पडला? गेल्या वर्साचं खरं लिव. मना नको लिवू. जिला लिवायचं तिला लिव.

काशीराम

---

पनवेल,
३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. चारुता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र स्वानंदच्या नावे न लिहिता तुझ्या नावे लिहीत आहे. फोनवर हे सांगता आले असते. परंतु फोनवर मी चार वाक्यांनंतर शास्त्राच्या आड जाऊन उभा राहतो, हे तुला ठाऊक आहे. कागदावर लपायला जागा कमी.

गेल्या वर्षी मी तुला सांगितले की प्रांजलच्या भातावर तूप नजरचुकीने पडले. ते असत्य आहे. मी ते जाणूनबुजून वाढले. आपल्याकडे भातावर अन्नशुद्धीचे तूप पडल्याशिवाय पान पूर्ण होत नाही. तू आत पाणी आणायला गेलीस. पोरीचे पान कोरडे होते. माझ्या मनात आले, एवढ्या एका थेंबाने काय होणार? आणि आले ते येथेच थांबले नाही. मला वाटले की तूप म्हणजे दूध नव्हे, ते तावून सुलाखून निघते. शिवाय नैवेद्याचे आहे. देवाला दाखवलेले अन्न लेकराला बाधणार नाही. थोडक्यात, माझ्या नातीच्या गळ्यावर मी माझ्या विद्वत्तेची परीक्षा घेतली. नापास मी झालो, दवाखान्यात ती गेली.

त्यानंतर घाबरलो आणि खोटे बोललो. ज्याने आयुष्यभर मुलांना सत्यावर निबंध लिहायला लावले त्याने. त्या निबंधांना मी सढळ हाताने गुण देत नसे, हे आता आठवून लाज वाटते.

आणखी एक सांगायचे आहे. गेल्या आठवड्यात मी पोरीसाठी बिनदुधाच्या चॉकलेटच्या वड्या करून पाहिल्या. प्रत्येक जिन्नस तपासून घातला. आणि ताटाला तुपाचा हात फिरवला, मला न कळता. जासईच्या काशीरामाने वासावरून ओळखले. गेल्या वर्षी माझी बुद्धी चुकली होती; या वर्षी हात चुकला. दोन्ही माझेच आहेत आणि दोन्हींवर तू विश्वास ठेवावास असे म्हणण्याचा धीर मला नाही.

तुम्ही आलात तर घरात दूध, दही, लोणी, तूप काहीही असणार नाही. देवाच्या निरांजनातही तिळाचे तेल असेल. नाही आलात, तरी मी समजेन. पोरीला माझ्याविषयी काय सांगायचे ते तू ठरव. खरे सांगितलेस तर अधिक बरे.

तुझा सासरा,
विनायक

---

पुणे,
७ ऑगस्ट

ती. बाबांना सा. न.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. स्वानंदने एकदा वाचलं आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

मला माहीत होतं, बाबा. दवाखान्यातच प्रांजल म्हणाली होती, "आजोबांनी डोळे मिटून काहीतरी म्हटलं आणि मग वाढलं." डोळे मिटून, काहीतरी म्हणून कोणाच्या हातून चुकून तूप सांडत नाही. मी वर्षभर वाट बघत होते की हे तुम्ही स्वतः म्हणाल. अट तुपाची नव्हती. तूप मी स्वतः बघू शकते. जो माणूस खोटं सांगतो त्याच्या घरात मला दर डब्यावर नजर ठेवावी लागते, ते मला जमणार नव्हतं.

राग गेलाय असं लिहिणार नाही. गेला की कळवीन.

आम्ही येतोय. मी आल्यावर स्वयंपाकघर बघणार, फडताळंसुद्धा. तुम्हाला अपमान वाटला तर वाटू दे. इंजेक्शन माझ्या पर्समध्ये असेल. प्रांजलसाठी मी डबाही आणेन. तुमचं चॉकलेट खायचं की नाही ते तीच ठरवेल. तिला मी खरं सांगितलंय. ती फक्त एवढंच म्हणाली, "म्हणजे आजोबांना चॉकलेट करता येतं?"

आणि ताट वापरू नका. ज्या भांड्याला हात आपोआप तूप लावतो, ते भांडंच नको.

चारुता

---

पनवेल,
११ ऑगस्ट

प्रिय काशीराम,

ते येत आहेत.

सोबत तुपाचे भांडे, लोण्याचा डबा आणि शशिकलेच्या माहेरची तुपाची चांदीची वाटी पळीसकट पाठवत आहे. वाटी १६ तारखेनंतर परत हवी. तुपाविषयी माझा आग्रह नाही. गवळ्याला आठ दिवस येऊ नकोस म्हटले, तर त्याने चिंतेने विचारले, "आजोबा, कोन गेलं घरात?" मी म्हटले, कोणी गेले नाही, येणार आहे.

देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला सर्व समजावून सांगितले. यंदा लोणी नाही, दही नाही, पंचामृतात नारळाचे दूध. तो हसतच होता. पण तो नेहमीच हसतो, त्यामुळे संमतीचा पुरावा म्हणून ते धरता येत नाही.

एक अडचण उरली आहे. ताट वापरू नका, असे सूनबाई लिहिते, आणि तिचे म्हणणे रास्त आहे. वाटी घेतली तरी तिलाही माझा हात ओळखतो. हे चॉकलेट कशात थिजवावे?

विनायक

---

जासई,
१३ ऑगस्ट

शास्त्रीबुवा,

धा नारल दिलं तुना. त्याच्या करवंट्या काय शेजारनीला दिल्यास? घास, धू, त्यान ओत. करवंटीला तूप लावाची सवय तुज्या बापजाद्यांना पन नसल.

तूप संपलं. तांदलाच्या भाकरीव घेतलं, दोन दिस. सरावन हाय म्हनून, नायतर बोंबलाव पन घेतलं असतं. येवढं शुद्ध तूप खाऊन पन मी तसाच हाय, कमलाबायला इचार.

वाटी नीट ठेवलीय. घासून देव्हाऱ्यान ठेवलीय.

ती पोरगी जेवली का लगेच कलव. मनिषा इचारते रोज.

काशीराम

---

पनवेल,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय काशीराम,

कालचा दिवस पार पडला. कसा, ते क्रमाने सांगतो.

ते तिघे साडेदहाला आले. बाहेर चौकात हंडीचे ढोल वाजत होते. चारुतेने मला नमस्कार केला, पर्स खांद्याला तशीच ठेवली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. डबे उघडले, झाकणांचा वास घेतला, खवणी पाहिली, फडताळाचा वरचा कप्पा स्टुलावर चढून पाहिला. मी दाराशी उभा होतो. माझ्या घराची झडती चालू होती आणि मला, खरे सांगतो, तुझ्या शिवासारखे वाटत होते. शेवटी ती देव्हाऱ्याशी आली, निरांजनात बोट बुडवून हुंगले आणि म्हणाली, "तीळ." मी म्हटले, "तीळ." आमचा दिवसभरातला तो पहिला संवाद.

प्रांजल एका वर्षात चार बोटे वाढली आहे. बाळकृष्णाकडे बघून म्हणाली, "याला राग नाही आला, दही नाही म्हणून?" मी म्हटले, "नारळाच्या दुधाने न्हाऊ घातले. रंगाने फसला असावा." ती म्हणाली, "आजोबा, देवाला फसवलंत?" मी म्हटले, "माणसांना फसवण्यापेक्षा ते सोपे गेले." स्वयंपाकघरात पाण्याचा नळ मध्येच बंद झाला, चारुता ऐकत होती.

जेवायला बसलो. वरणभात, अळूची भाजी, लिंबू, आणि प्रत्येक पानाशेजारी एकेक करवंटी. तुझ्या सूचनेप्रमाणे घासून, उकळून घेतल्या होत्या. काळ्या करवंटीत काळे चॉकलेट, वर तुळशीचे पान. चारुतेने आणलेला डबा पोरीच्या डाव्या हाताला बंद झाकणाने ठेवलेला. पोरीने डब्याकडे पाहिले, करवंटीकडे पाहिले आणि करवंटी माझ्यासमोर सरकवून म्हणाली, "तुम्ही आधी."

मी खाल्ले. मग चारुतेने पोरीच्याच करवंटीतला एक चमचा घेतला आणि डोळे मिटून तो बराच वेळ तोंडात ठेवला. मग चमचा पोरीच्या हातात दिला. उजवा हात पर्सवर ठेवून ती बसली. पोरीने खाल्ले. काशीराम, मी आजवर जी पारायणे केली त्यांत पहिल्या अध्यायापासून शेवटच्यापर्यंत कधीही इतके लक्ष देऊन बसलो नव्हतो. पाच मिनिटे. दहा मिनिटे. पोरीने तळ खरवडला, पुसून खाल्ला आणि विचारले, "खारट काय आहे यात?" मी सांगितले, जासईच्या एका आजोबांच्या वडिलांचे मीठ आहे. ती म्हणाली, "त्यांना सांगा, आणखी घालू नका, एवढंच बरोबर आहे."

तेव्हा कुठे चारुतेने पर्स खांद्यावरून काढून भिंतीशी ठेवली. आपली करवंटी ओढली आणि जेवणाआधीच खाल्ली.

आता मुख्य गोष्ट. भात सर्वांच्या पानांत पडलेला होता. मी सवयीने डोळे मिटले, सवयीने ओठ हलले आणि सवयीने उजवा हात उजवीकडे गेला, जेथे सत्तर वर्षे तुपाची वाटी असते. वाटी तुझ्या देव्हाऱ्यात होती. माझी बोटे हवेत पळी धरून प्रांजलच्या पानावर येऊन थांबली. डोळे उघडले तर तिघेही माझ्या हाताकडे पाहत होते. चारुतेचा चेहरा मला नीट दिसला. त्या एका क्षणात गेले वर्ष पुन्हा सुरू झाले होते.

पोरीने विचारले, "आजोबा, काय वाढताय?"

मी म्हटले, "काही नाही."

तिने भाताची मूद बोटांनी नीट केली आणि म्हणाली, "मग वाढा."

आणि मी तिच्या भातावर काहीही नाही, ते विधिवत् वाढले. मग स्वानंदच्या पानावर. चारुतेने आपले पान आपणहून पुढे सरकवले, तिच्याही. इतकी शुद्ध अन्नशुद्धी माझ्या हातून पूर्वी झालेली नाही.

निघताना चारुता दारात म्हणाली, "दिवाळीला चार दिवस येऊ. खवणी जपून वापरा, बोटं बघा तुमची." राग गेला का, ते मी विचारले नाही. गेला की ती कळवणार आहे.

वाटी परत पाठवू नकोस. तुझ्या देव्हाऱ्यात तिच्यावर उजेड चांगला पडत असेल. आणि दिवाळीआधी आणखी दहा नारळ पाठव, शिवाला म्हणावे आता घंटी वाजवून आत ये. खडू संपले आहेत.

लिहून झाले. ज्या खोडकराने गोकुळाचे लोणी खाल्ले आणि काल माझ्या घरी मुकाट्याने नारळावर समाधान मानले, तो हे पत्र वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण करो. जो दिवसा चष्मा लावून वाचतो त्याचे, जी डब्याच्या पिशवीतून काढून वाटेत आधी वाचते आणि आठवी वडी मोजायला विसरते तिचे, आणि ज्यांच्या हाती हे कधी चुकून पडेल त्यांचेही. तुमच्या पानात जे तुम्हाला सोसते तेच पडो, जे पडले ते वाढणाऱ्याने खरे सांगितलेले असो, आणि जेव्हा वाढायला काही नसेल तेव्हा समोरून कोणीतरी म्हणो, मग वाढा.

तुझा,
विनायक